मागील बाकी

दिवाळीची साफसफाई घरातल्या धुळीपेक्षा मनातल्या धुळीचीच अधिक परीक्षा पाहते, असा माझा अनुभव आहे. गेल्या वर्षी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली आणि तिच्यातून माझ्या रोजनिशा निघाल्या. एकोणीस वर्षांच्या एकोणीस! मी शाळामास्तर, त्यात कादंबऱ्या लिहिण्याची खोड. तेव्हा रोज रात्री पान-दोन पाने काळी केल्यावाचून मला झोप येत नसे.

पुण्याला नोकरी करणारी माझी भाची सुट्टीला आली होती. त्या ढिगाकडे पाहून ती हसली आणि तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. तिचीही रोजनिशी होती, पण दिवसाला एकच ओळ. चित्र नाही, सजावट नाही. आणि ठरावीक मुदत संपली की जुनी ओळ आपोआप पुसली जाण्याची सोय.

"पुसायचेच, तर लिहायचे कशाला?" मी विचारले.

"मामा, लिहिताना दिवस एकदा नीट पाहून होतो. तेवढे पुरे की!"

उत्तर मला लागले. खरेच, मनाला विसरण्याची देणगी नसती तर माणूस जगला असता का? एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरे स्वतः घोकून, किती वेळाने किती विसरते याचा हिशेब मांडला आणि तो 1885 साली प्रसिद्ध केला. पाठ केलेले प्रथम झपाट्याने ओसरते आणि मग हळूहळू, असे त्याला आढळले. पावसाळ्यात गिरणेला पूर येतो, तो असाच उतरतो. पाणी जाते, गाळ तेवढा राहतो. आणि पीक येते ते त्या गाळावर.

फोन मात्र हे ओसरणे होऊ देत नाही. एका सकाळी मी वर्गात जाण्याच्या घाईत असताना, 'काही वर्षांपूर्वी याच दिवशी' म्हणून त्याने माझ्यापुढे वडिलांचे अखेरच्या आजारातले छायाचित्र टाकले. नाकात नळी, डोळे खोल गेलेले. मला आठवणारे वडील बांधावर उभे राहून हाका मारणारे होते. ती मूर्ती मनाने किती कष्टाने घडवली होती! यंत्राने एका क्षणात तिला तडा दिला.

विसरले जाण्याची ही तहान माझ्या एकट्याची नाही. स्पेनमधल्या एका गृहस्थाची मालमत्ता थकलेल्या देण्यापायी लिलावाला निघाली आणि 1998 साली त्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली. पुढे ते प्रकरण मिटले. पण गूगलवर त्याचे नाव शोधले की ती जाहिरात पुन्हा समोर येई. अखेर 2014 साली युरोपीय न्यायालयाने निवाडा दिला, की अशा जुन्या, आता गैरलागू झालेल्या गोष्टी नावाच्या शोधातून काढून टाका, असे माणूस मागू शकतो. विसरले जाणे हाही एक हक्क ठरला.

तरी एक शंका माझ्या मनात सलत होती. आमच्याच खानदेशातल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करताना ओव्या सुचत आणि वाऱ्यावर जात. चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या. म्हणून 1951 साली बहिणाबाई गेल्यावर त्या अत्र्यांच्या दृष्टीस पडल्या आणि 1952 साली पुस्तक निघाले. कोणीच टिपले नसते तर? म्हणजे सगळेच ओसरू देणे हेही शहाणपण नव्हे. मग काय ठेवावे आणि काय जाऊ द्यावे? याचा निवाडा कोणी करायचा?

याचे उत्तर मला 2011 सालच्या रोजनिशीने दिले, आणि ते फारसे सुखाचे नव्हते.

त्या वर्षी वडिलांच्या मागे जमिनीचे कागद झाले. गिरणाकाठची आमची तीन एकर. 2005 च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा दिलेला. पण आमच्याकडे रीत अशी, की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची आणि माहेर राखायचे. ताईने सही केली. त्या दिवशी ती मला काही लागट बोलली. ते बोलणे मी पुढे साफ विसरलो होतो. रोजनिशी विसरली नव्हती. पेटीजवळ बसून मी ते वाचले आणि चौदा वर्षांपूर्वीचा राग ताज्या जखमेसारखा ठणकू लागला. दोन दिवस मी ताईचा फोनसुद्धा घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा वही उघडली, तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला असावा. मी पाने मोजली. ताईच्या बोलण्यावर नऊ पाने होती. आणि तिने सोडलेल्या वाट्यावर? एक ओळ. "ताईची सही झाली. काम संपले."

वही बंद करून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. एकोणीस वर्षे मी सत्य लिहितो आहे, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी फक्त माझे येणे लिहीत होतो.

लहानपणी लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी भडगावच्या पेठेत एका दुकानात वहीपूजन पाहायला जात असे. लाल वेष्टनाच्या नव्या वहीवर 'श्री' काढला जाई. आता हिशेब संगणकावर गेला आणि वर्ष मार्चअखेर संपू लागले, तरी एखादी वही पुजली जातेच. तिथल्या वृद्ध दिवाणजींना मी एकदा विचारले होते, "जुन्या वहीतले सगळे यात उतरवणार?" ते म्हणाले, "नाही रे बाळा. रोजचे व्यवहार तिथेच राहतात. नव्या वहीत फक्त मागील बाकी ओढायची."

विस्मरणाचे सगळे तत्त्वज्ञान मला या वाक्यात दिसते. दिवस ओसरू द्यावेत, शब्द ओसरू द्यावेत, बाकी तेवढी ओढावी. आणि बाकीतही भेद आहे. आपले येणे बुडीत खाती टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे. देणे बुडीत टाकण्याचा नाही. विसरण्याचा हक्क धनकोचा असतो, ऋणकोचा नव्हे.

गेल्या भाऊबीजेला ताई आली, तेव्हा ओवाळणी झाल्यावर मी भीतभीतच तो विषय काढला. तिने ताट बाजूला ठेवले आणि हसून म्हणाली, "जाऊ दे ना भाऊ, कसाले काढस ते आते?" ती खरोखर विसरली होती, की विसरल्याचे दाखवत होती, हे मला अजून उमगलेले नाही. पण तिचे विसरणे हा तिचा मोठेपणा होता. त्याच्या आड मला लपता येणार नव्हते.

ती नऊ पाने मी फाडली. एक ओळ ठेवली. भाचीकडून तिच्यासारखी सोय मीही फोनवर करून घेतली आहे. रोज रात्री एकच ओळ लिहितो: आज कोणाचे देणे झाले? कधी बाकावर उगीच उभ्या केलेल्या पोराचे, कधी उन्हातून पाणी आणून देणाऱ्या शिपायाचे. देणे फिटले की ती ओळ खुशाल पुसली जावो. फिटले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायची.

एक ओळ मात्र गेले वर्षभर मी रोज लिहितो आहे. यंदा सातबाराचा उतारा काढून आणला आहे. ताईचा वाटा तिच्या नावे कसा करून देता येईल, हे वकिलांना विचारून ठेवले आहे. घरात सगळ्यांना हे रुचले आहे असे नाही. भाऊबीजेला ताई येईल आणि पुन्हा "जाऊ दे" म्हणेल. या खेपेला कागद आधी तिच्या हातात द्यायचा, ओवाळून घ्यायला मग बसायचे, असे मी ठरवले आहे.