जे ऐकू आलं तेवढंच

ऑक्टोबर संपत आला की यवतमाळकडे कापूस वेचणीची धांदल असते. त्याच सुमारास, महिन्याच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, जगभरातली हौशी रेडिओवाली मंडळी, म्हणजे हॅम, ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ स्पर्धेला बसतात. आपल्या घड्याळानं शनिवारी पहाटे साडेपाचला ती सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. या ४८ तासांत जास्तीत जास्त केंद्रांशी, जास्तीत जास्त देशांशी आणि विभागांशी बोलायचं आणि प्रत्येक संपर्क लॉगमध्ये नोंदवायचा. भारतातल्या केंद्रानं पलीकडच्याला सांगायचं एवढंच: ‘फाइव्ह नाइन, टू टू’. स्पर्धेच्या जगाच्या वाटणीत २२ हा आपला विभाग. त्याआधीचे दोन आकडे तुमचा आवाज मला किती स्पष्ट आणि किती जोरात येतोय ते सांगतात. पाच आणि नऊ म्हणजे उत्तम.

अडचण अशी की या स्पर्धेत सगळ्यांचाच आवाज उत्तम येतो. समोरच्याचं बोलणं खरखरीत बुडालेलं असो, कॉलसाइन, म्हणजे केंद्राचं ओळखचिन्ह, कळायला तीनदा ‘अगेन, अगेन’ म्हणावं लागो, उत्तर ५९च. संगणकावरचा लॉग तो आकडा आधीच भरून ठेवतो. नियमाला हे चालतं. जाणते स्पर्धक म्हणतात, यात कोणाचंच नुकसान नाही, सगळेच ५९ देतात आणि वेळ वाचतो. त्यांचं म्हणणं हिशेबाला बरोबर आहे, तरीही मला ते पटत नाही. ऐकण्याच्या स्पर्धेत प्रत्येक संपर्काची सुरुवात न ऐकलेल्या गोष्टीनं व्हावी, हे मला खटकतं.

ही स्पर्धा मुळात विश्वासावर चालते. बक्षीस म्हणून पैसे नाहीत, मिळालंच तर प्रमाणपत्र किंवा फलक. स्पर्धक आपापल्या घरी बसलेला, शेजारी पंच नाही. तरी लबाडी पचवणं सोपं नाही, कारण प्रत्येक संपर्काची नोंद दोन ठिकाणी होते. स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांत लॉग पाठवायचे. मग आयोजक ते एकमेकांशी ताडून पाहतात. मी लिहिलं की जर्मनीतल्या अमुक केंद्राशी बोललो आणि त्याच्या लॉगमध्ये माझं नावच नसेल, तर संपर्क बाद होतो आणि वर दंडाचे गुण कापले जातात. कॉलसाइनमधलं एक अक्षर चुकलं तरी तीच शिक्षा. स्पर्धेनंतर ध्वनिमुद्रण ऐकून किंवा याद्या चाळून नोंदी दुरुस्त करणं हाही नियमभंग आहे. मला या व्यवस्थेचं मनापासून कौतुक वाटतं, कारण इथे साक्षीदार आपला प्रतिस्पर्धीच असतो.

दोन लॉग ताडून कळत नाही ती गोष्ट म्हणजे प्रक्षेपणाची ताकद. पाच वॅटपर्यंतचा वेगळा गट, शंभरपर्यंतचा वेगळा, त्यावरचा वेगळा. आपल्याकडे सर्वसाधारण परवान्याला ४०० वॅटची मर्यादा आहे, मर्यादित श्रेणीला ५० वॅटची. कोणी शंभर वॅट सांगून चारशे वापरले, तर तिकडे युरोपात बसलेल्याला ते कसं कळणार? पण त्या लबाडीतून मिळतं किती, तेही बघायला हवं. ताकद चौपट केली की सिग्नल सहा डेसिबलनं वाढतो, म्हणजे पलीकडच्या मीटरचा काटा जेमतेम एक घर सरकतो. तेवढाच किंवा त्याहून अधिक फायदा बऱ्याचदा ॲन्टेनाची तार उंच नेऊन होतो. १४ मेगाहर्ट्झच्या बँडसाठी साधारण दहा मीटर लांबीची साधी तार पुरते. ती कडुनिंबाच्या खालच्या फांदीवरून वरच्या फांदीवर नेणं हा प्रामाणिक मार्ग आहे, आणि तो फुकट आहे.

सगळं सारखं करून फक्त माणूस जोखायचा प्रयोगही जगानं केला आहे. १९९० साली सिॲटलला ‘वर्ल्ड रेडिओस्पोर्ट टीम चॅम्पियनशिप’ सुरू झाली. तिथे आता सर्व संघांना एकसारखे ॲन्टेना, ताकदीवर एकच मर्यादा आणि शेजारी बसलेला पंच असतो. कॉलसाइनसुद्धा सुरू होण्याच्या थोडं आधी बंद पाकिटातून मिळतं, म्हणजे ओळखीच्या मित्रांनी आपल्यालाच हाक मारायची सोय उरत नाही. पण सगळ्या जगासाठी पंच कुठून आणणार? घरून खेळणाऱ्या हजारोंना आपला पंच आपणच व्हावं लागतं.

तो पंच कामाला कुठे लागतो? दुपार कलली आहे, युरोपातले सिग्नल येऊ लागले आहेत आणि २२ क्रमांकाचा विभाग हवा म्हणून वीसेक केंद्रं एकदम हाका मारतायत. त्या गलक्यातून एका कॉलसाइनमधलं ‘डीएल’ कळतं, मधलं काही बुडतं, शेवटी ‘के’ ऐकू येतो. पडद्यावर प्रोग्राम लगेच यादी दाखवतो: या अक्षरांशी जुळणारे हे चार माहीत असलेले हॅम. त्यातला एक ओळखीचा वाटतो. बोट कळीवर जातं. इथे थांबायचं असतं. पुन्हा विचारायचं, उत्तर नीट आलं नाही तर ओळ खोडून पुढे जायचं. यादीनं सुचवलेलं नाव आपल्या कानानं ऐकलेलं नसतं. नवी वारंवारता घेण्याआधी थांबून ऐकणं, ती मोकळी आहे का ते विचारणं, कोणी ‘हो, वापरात आहे’ म्हणालं तर निमूट बाजूला होणं, हेही त्याच जातीचं वळण आहे.

हे वळण हौसेपुरतं नाही. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओची मोहीम घेऊन भारती प्रसाद अंदमानात गेल्या होत्या. कित्येक वर्षांत तिथून हॅम केंद्र चाललं नव्हतं, त्यामुळे जगभरातून हाकांचा पूर लोटला होता. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच रेडिओवरून त्याच कानांनी माणसांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले. तिथे नावातलं एक अक्षर अंदाजानं भरलं, तर हरवलेल्याच्या घरी चुकीची बातमी जाते. १९९३ च्या किल्लारी भूकंपातही हॅम मदतीला उभे राहिले होते. अशा वेळी ‘तुमचा आवाज उत्तम’ असं सवयीनं सांगणाऱ्याला निरोप अर्धाच पोचला हे कळणारही नाही. स्पर्धा हा आपत्तीचा सराव आहे असं हॅम नेहमी म्हणतात. तसं असेल, तर सराव खऱ्या अहवालाचा आणि खऱ्या ऐकण्याचा हवा.

यवतमाळला याची गरज दूरची नाही. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. वीज गेली की मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात, मग तेही गप्प होतात. गाडीच्या बॅटरीवर चालणारा एक रेडिओ आणि एक तार तेव्हाही बोलू शकते, फक्त ती चालवायला कान तयार असलेलं माणूस लागतं.

म्हणून यवतमाळ आणि पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना विनंती आहे. हॅमची परीक्षा बाराव्या वर्षापासून देता येते. मुलामुलींना तिला बसवा, गच्चीवर एक केंद्र उभं करा आणि येत्या ऑक्टोबरात स्पर्धेला उतरा. वीसच संपर्क झाले तरी लॉग पाठवा, आयोजक तो स्वीकारतात. आणि समोरचा बुडत असेल तर त्याला ५९ देऊ नका, ३३ सांगा.