दुसरा चष्मा

एका छोट्या विमानतळावरून रोज पहाटे एक विमान सुटत असे. दोन पंख्यांचं, सत्तरेक जागांचं एटीआर. आदल्या रात्री ते मुक्कामाला येई. वैमानिक जवळच्या हॉटेलात झोपत आणि उजाडायच्या आत पुन्हा हजर होत.

त्या दिवशी कॅप्टन होते ते निवृत्तीच्या जवळ आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. को-पायलट तिशीच्या आतला होता. हुशार होता, हाताला सफाई होती आणि आपल्या कामाचा त्याला फार अभिमान होता.

आल्या आल्या दोघांनी डॉक्टरांसमोर ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या नळीत फुंकर मारली. यंत्रावर शून्य आलं. उड्डाणाआधी बारा तास वैमानिकाला मद्य वर्ज्य असतं. अल्कोहोल असलेलं औषध नको, तोंड धुवायचं माउथवॉशही नको. को-पायलट सर्दी झाली तरी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचूनच औषध घेई. त्यानंतर सुरक्षा तपासणी झाली. ओळखपत्र, पट्टा, बूट, बॅग.

"सर," तो पट्टा बांधताना म्हणाला, "आपल्या हातात सत्तर जीव देतात आणि आपल्याच खिशातली नाणी मोजतात."

कॅप्टन काही बोलले नाहीत. त्यांनी आपली बॅग उचलली आणि ते चालू लागले.

विमानाभोवतीची फेरी झाली. इंधन भरून झालं. दोघं आपापल्या जागी बसले, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चमकतं जाकीट घातलेले एक गृहस्थ आत आले. हातात तक्त्याला लावलेले कागद होते. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे निरीक्षक. कुणालाही न कळवता आले होते, कारण अशी तपासणी न कळवताच व्हायची असते.

कॅप्टन उठून उभे राहिले. "नमस्कार साहेब. आधी आपलं ओळखपत्र बघू?"

को-पायलटला मनातून बरं वाटलं. त्याला वाटलं, सरांनी बरी परतफेड केली.

निरीक्षकांनी शांतपणे कार्ड काढून दिलं. कॅप्टननी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला आणि कार्ड दोन्ही हातांनी परत केलं. "या, बसा." निरीक्षक मागच्या घडीच्या जादा जागेवर, जंप सीटवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट ते थोडे खूश दिसले.

आधी विमानाचे कागद निघाले. नोंदणीचं प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, रेडिओचा परवाना, विमा. आंतरराष्ट्रीय उड्डाणात विमानाने कोणते कागद बरोबर न्यायचे, याची यादी दुसरं महायुद्ध अजून चालू असताना, १९४४ साली शिकागोत झालेल्या करारात लिहिलेली आहे. भारतही त्या करारात होता. उतरलेल्या परदेशी विमानाचे कागद तपासायचा हक्क त्या त्या देशाला आहे, हेही त्यातच लिहिलं आहे. कॅप्टनना प्रत्येक कागदाची जागा पाठ होती. निरीक्षकांनी मागायच्या आधीच त्यांचा हात तिथे पोचत होता.

मग टेक लॉग, म्हणजे बिघाड-दुरुस्तीच्या नोंदींची वही उघडली. आदल्या रात्री केबिनमधला एक दिवा लागत नव्हता. तो बिघाड लिहिलेला होता आणि खाली इंजिनिअरची सही होती. वजनाचा तक्ता बरोबर होता. कॅप्टनचा परवाना आणि मेडिकल पाहून झालं.

शेवटी को-पायलटने आपले कागद पुढे केले. परवाना ठीक होता. मेडिकलची मुदत होती. पण निरीक्षकांचं बोट एका ओळीवर थांबलं. चष्मा लावून उडावं आणि जास्तीचा एक चष्मा जवळ बाळगावा, अशी ती अट होती.

"दुसरा चष्मा?"

को-पायलटने बॅगेचा कप्पा उघडला. मग दुसरा उघडला. मग त्याला आठवलं. रात्री पडल्या पडल्या वाचायला त्याने तो काढला होता. चष्मा हॉटेलच्या टेबलावर राहिला होता.

खाली प्रवाशांची बस येऊन थांबली होती. दुसरी बॅग सामानात गेली, एवढं म्हटलं असतं तर कदाचित भागलं असतं. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलंही. त्याने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन त्याच्याकडेच पाहत होते. त्यांनी ना खूण केली, ना नजर वळवली.

"साहेब, हॉटेलवर राहिला," को-पायलट म्हणाला.

"मग तो येईपर्यंत तुम्हाला उडता येणार नाही," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

हॉटेलला फोन गेला. ड्रायव्हर चष्मा घेऊन निघाला. बस प्रवाशांना घेऊन परत फिरली. कॅप्टन स्वतः प्रतीक्षागृहात गेले आणि त्यांनी खरं कारण सांगितलं. काही लोक हसले, काही चिडले. एकाची कोर्टात तारीख होती. एका बाईंचं पुढचं विमान चुकणार होतं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅप्टननी उभं राहून सगळ्यांचं ऐकलं. "तुमचं नुकसान होतंय, हे खरं आहे," एवढंच ते म्हणाले. त्या बाईंच्या पुढच्या तिकिटाची सोय लावायला त्यांनी काउंटरवर सांगितलं आणि ते परतले.

को-पायलट मान खाली घालून बसला होता. "सर, डोळ्यावरचा चष्मा धड आहे. आजवर एकदाही फुटला नाही. एवढ्या वर्षांच्या कामावर कुणाचा विश्वासच नाही का?"

कॅप्टन बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या अण्णांचं खेड्यात किराण्याचं दुकान होतं. वजनमापं तपासणारे साहेब आले की अण्णा वजनं चिंचेनं घासून, कापडावर मांडून ठेवायचे. लोक चिडवायचे, अण्णा, सरकारचा तुमच्यावर भरवसा नाही वाटतं! अण्णा म्हणायचे, गिऱ्हाइकाला वाटतं, वजन उलटं करून बुडाचा शिक्का बघावा. पण ते लाजतं, विचारत नाही. हा माणूस त्याच्या वाटचं विचारतो."

को-पायलटने मान वर केली.

"२०११ साली काही जणांनी खोट्या गुणपत्रिका दाखवून वैमानिकाचा परवाना मिळवल्याचं उघडकीला आलं. मग सगळ्यांचेच कागद तपासायला काढले. माझी जुनी गुणपत्रिकाही मागितली. वीस वर्षं उडत होतो मी. रागानं रात्रभर झोप लागली नाही. पहाटे अण्णांची वजनं आठवली. उठलो, ट्रंक उघडली आणि गुणपत्रिका काढून दिली."

"आणि आज तुम्ही साहेबांचं कार्ड मागितलंत, ते?"

"या दारातून आत येणाऱ्याला विचारणं माझं काम आहे. त्यांना त्याचा राग आला असता, तर मला काळजी वाटली असती."

चष्मा आला. निरीक्षकांनी तो घालून बघायला सांगितलं आणि लांबच्या खांबावरचा आकडा वाचायला लावला. को-पायलटने तो वाचला. अहवालावर त्याने स्वतःच्या हाताने सही केली. चौसष्ट प्रवासी घेऊन विमान उशिरा उडालं आणि ठरल्या ठिकाणी नीट उतरलं. वाटेत काहीही घडलं नाही. डोळ्यावरचा चष्मा डोळ्यावरच राहिला.

विमानात बसणाऱ्या माणसाने वैमानिकाचा परवाना कधी पाहिलेला नसतो. बंद दारापलीकडे कोण बसलं आहे, त्याची नजर कशी आहे, हे तो विचारू शकत नाही. पट्टा बांधतो, डोळे मिटतो आणि झोपी जातो. जंप सीटवर बसलेले ते गृहस्थ त्या चौसष्ट जणांचा प्रश्न विचारत होते. को-पायलटला हे समजलं आणि त्याच्या मनातला अपमान निघून गेला. चूक केल्याची खंत मात्र राहिली. ती राहायलाच हवी होती.

संध्याकाळी त्याने कंपनीच्या सुरक्षा विभागाला आपणहून कळवलं. काय विसरलं, कुठे विसरलं, किती उशीर झाला, ते सगळं लिहिलं. विभागाने त्याचं नाव वगळून ती हकिकत सगळ्या वैमानिकांना पाठवली. त्या आठवड्यात आणखी तिघांनी कळवलं की, आपलाही दुसरा चष्मा बऱ्याच दिवसांपासून घरीच आहे.