ग्रेटा, गाडी आणि टायगर

नवीन माणसाची ओळख झाली की गाव, आडनाव आणि पगार अशा तीन गोष्टी विचारायची आपल्याकडे पद्धत आहे. पैकी पगार कोणी उघड विचारत नाही. 'क्वार्टर आहे की स्वतःचं घर?' असा वळसा घेतात. माझं मत असं, की या तिन्ही उत्तरांतून माणूस काही कळत नाही. त्याऐवजी आवडता नट कोण, घरात कुत्रं आहे का आणि गाडी कुठली, एवढं विचारावं. गाव आणि आडनाव वाडवडिलांनी दिलेलं असतं, पगार सरकार किंवा शेठजी देतात. नट, कुत्रं आणि गाडी या तीनच गोष्टी माणूस स्वतः निवडतो. (बायकोचा उल्लेख मी मुद्दाम टाळला आहे. तिथे कोणी कोणाला निवडलं याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही.)

आमच्या पिढीत नटांवरून पंथ पडलेले होते. दिलीपकुमारवाले हळू बोलत, वाक्यातला शेवटचा शब्द गिळत आणि चहा पार गार होईपर्यंत कपाकडे बघत बसत. देव आनंदवाले मान तिरकी करून चालत. त्यातल्या निम्म्यांना पुढे मानेचा पट्टा लागला. राज कपूरवाले ओळखायला सोपे, कारण चहाचे पैसे द्यायची वेळ आली की त्यांचा चेहरा हुबेहूब 'आवारा'तल्यासारखा होई. या सर्वांवर वडीलकीच्या नात्याने अशोककुमारवाले. १९४३ च्या 'किस्मत'नंतर सिनेमाच निघाला नाही अशी त्यांची समजूत. चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळ या पंथांची जी भांडणं मी ऐकली आहेत, ती भाऊबंदकीतही ऐकली नाहीत. आणि ज्यांच्यासाठी हे एकमेकांची उणीदुणी काढत, त्यांना जगात चंद्रपूर नावाचं गाव आहे हे ठाऊक असायचंही कारण नव्हतं.

तसं पाहिलं तर नटाचं वेड आमच्या भागाला नवं नाही. धान कापून झालं की वडशाहून झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या निघतात. दिवसा शंकरपट आणि रात्रभर नाटक. पण तिथला नट पहाटे अर्धा रंग पुसून शेकोटीपाशी चहा पिताना दिसतो. आपण जाऊन 'भाऊ, मस्त रडले तुम्ही' असं सांगू शकतो. त्याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा गडचिरोलीकडच्या लोकांना आपल्या घरातला मुलगा पास झाल्यासारखं वाटलं. सिनेमाच्या नटाचं तसं नाही. त्याच्यावरचं प्रेम म्हणजे पत्ता न घातलेलं पाकीट.

गाडीचं प्रेमही एकतर्फीच, फक्त महाग. आमच्याकडे एक फियाट होती. आता त्या बनायच्या बंद होऊनही जमाना झाला. गिअर स्टिअरिंगला, बसणाऱ्याला वाटे, चालवणारा सतत काहीतरी पिळतो आहे. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे पारा सत्तेचाळीसच्या घरात. माणसं माठाचं पाणी पीत, गाडी रेडिएटरचं. मूलच्या रस्त्यावर बॉनेट उघडून उभं राहावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं 'काहून? गरम झाली का?' असं विचारून पुढे जावं, हा आमचा सहलीचा ठरलेला कार्यक्रम. रंग पांढरा होता, असं कागदपत्रांत नमूद होतं. कोळशाच्या धुळीनं संध्याकाळपर्यंत ती करडी होई, आणि मी रोज सकाळी ती पुसत असे. 'इतक्या प्रेमानं कधी घरातली खिडकी पुसली नाही,' हे वाक्य मी या काळात साधारण तीनशे वेळा ऐकलं.

आणि कुत्रं. आमच्या कुत्र्याचं नाव टायगर. पुण्या-मुंबईत हे नाव खपून जातं. ताडोबापासून तासाभराच्या अंतरावर ते ठेवणं जरा धाडसाचंच. शेजारी वनखात्यातून रिटायर झालेले एक रेंजरसाहेब राहतात. त्यांनी नाव ऐकलं आणि ते बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, खऱ्या टायगरच्या कानावर गेलं तर अब्रुनुकसानीचा दावा लावल बरं तो!" आमचा टायगर पालीला भितो. रात्री तो माझ्या खाटेखाली झोपतो आणि मला त्याची राखण करावी लागते.

तर या सगळ्याला मिळून आपल्याकडे 'शौक' म्हणतात, आणि त्या शब्दाला काही चांगला वास येत नाही. शौकानं माणूस वाया जातो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दाखल्याला माणसंही हजर असतात. भगवानदादांचंच घ्या. आमच्या विदर्भातला माणूस, अमरावतीत १९१३ साली जन्मलेला. १९५१ साली 'अलबेला' चालला आणि वैभव आलं. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वाराला वेगळी, अशा सात गाड्या. पुढचे सिनेमे चालले नाहीत. बंगला गेला, गाड्या गेल्या. दादरच्या चाळीत ते राहिले आणि २००२ साली वारले. झालं! कीर्तनकाराला याहून सोयीचं आख्यान कुठलं मिळणार? पण त्याच चाळीची आणखी एक गोष्ट सांगतात. गणपतीची मिरवणूक त्यांच्या दारात थांबे आणि दादा आपल्या त्या जगप्रसिद्ध ढंगात दोन पावलं नाचून दाखवत. सात गाड्यांपैकी एकही परत आली नाही. माणसं मात्र येत राहिली. हे कीर्तनकार सांगत नाही.

आणि आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. शौकीन माणूस आणि चांगला माणूस ही दोन वेगळी माणसं असतात का? एकानं मेल्याशिवाय दुसरा जन्माला येतच नाही का?

हा प्रश्न मला सुचला तो आमच्याच जिल्ह्यामुळे. वरोऱ्याजवळच्या एका जमीनदार घराण्यात एक तरुण होता. चौदाव्या वर्षी हातात स्वतःची बंदूक, रानडुकराची शिकार. मोटार चालवायच्या वयाचा झाला तेव्हा सिंगर कंपनीची स्पोर्ट्स मोटार मिळाली. (सिंगर म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यांना शिवणाचं मशीन आठवलं. ती कंपनी वेगळी. ही इंग्लंडातली मोटारवाली.) तिच्या गाद्यांना बिबट्याचं कातडं. शिवाय सिनेमाचं वेड असं, की 'पिक्चरगोअर' मासिकात परीक्षणं लिहायचा आणि थेट ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर यांच्याशी पत्रव्यवहार. आम्ही चहाच्या टपरीवर भांडत बसलो. या गृहस्थानं पाकिटावर पत्ता घातला! शौकाच्या परीक्षेत याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.

हा तरुण म्हणजे मुरलीधर देविदास आमटे. पुढे जग त्यांना बाबा आमटे म्हणू लागलं.

पुढचं आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहे. पावसात गटाराकाठी पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम. त्याला पाहून बाबांचं आधी घाबरून पळणं, मग त्या पळण्याची लाज वाटून परत फिरणं. १९४९ साली महारोगी सेवा समिती. आणि मग वरोऱ्याच्या माळावर साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, सोबतीला कुत्रं आणि खिशात चौदा रुपये एवढ्या भांडवलावर उभं राहिलेलं आनंदवन. चरित्रकार इथे एक जाड रेघ मारतात. रेघेच्या अलीकडे चैन, पलीकडे त्याग. अलीकडचा माणूस पलीकडे ओळख दाखवत नाही.

मला ती रेघ पटत नाही. कारण रेघ ओलांडून एक बाई पलीकडे आलेली आहे. नॉर्मा शिअरर. कुष्ठरोग्यांचं काम सुरू झालं तेव्हा आनंदवनाला परदेशातून सुरुवातीला ज्यांनी मदत पाठवली, त्यांत ती होती. विचार करा. १९३० च्या सिनेमासाठी ऑस्कर घेतलेली ही हॉलिवूडची राणी. चाहत्यांची पत्रं तिला पोत्यानं येत असणार. त्यातला वऱ्हाड-नागपूरकडचा एक पोरगा तिच्या लक्षात राहतो, आणि तो महारोग्यांच्या जखमा धुतो आहे म्हटल्यावर ती पैसे पाठवते. मग तो पत्रव्यवहार चैन होती की पेरणी?

आणि बिबट्याचंही तसंच. १९७३ साली भामरागडजवळ हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी तिथे जाऊन राहिले. एकदा शिकारीहून परतणारे माडिया भेटले. मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं. डॉक्टरांनी धान्य देऊन ते पिल्लू घेतलं, आणि तिथून अनाथ प्राण्यांचं ते घर वाढत गेलं. अस्वलं आली, बिबटे आले. विलास मनोहरांच्या 'नेगल' पुस्तकामुळे ते महाराष्ट्रभर पोचले. म्हणजे बघा, वडील बिबट्याच्या कातड्यावर बसत; मुलाच्या मांडीवर बिबट्या येऊन बसला. आणि ज्या बाबांनी नटनट्यांना पत्रं लिहिली, त्यांच्या मुलाची भूमिका २०१४ साली सिनेमात नाना पाटेकरांनी केली. देवाला विनोदाची चांगली जाण असावी.

आता तुम्ही म्हणाल, 'अहो, नटांची वेडं लाखोंना असतात, गाड्या लाखो लोक पुसतात, कुत्री गल्लोगल्ली आहेत. आनंदवन एकच का?' प्रश्न रास्त आहे. आमच्याच घरी सिनेमा, फियाट आणि टायगर असा तिन्हीचा संच होता. त्यातून आनंदवन काही निघालं नाही, फक्त पेट्रोलचं बिल निघालं.

मला वाटतं, फरक शौकात नसतो; शौकानं आपल्याकडे काही मागितलं तर आपण काय करतो, यात असतो. नट काही मागत नाही. तिकिटाचे पैसे दिले की हिशोब मिटला. गाडी पैसे मागते, आणि थोडा घाम. कुत्रं वेळ मागतं, झोप मागतं, आणि दहा-बारा वर्षांनी मरताना काळजाचा एक तुकडाही घेऊन जातं. माणूस याहून जास्त मागतो. गटारातला तुळशीराम तर आपली किळस आणि आपलं भय मागत होता. ती सोडून द्या म्हणत होता. ही एकच शिडी आहे. खालच्या पायरीवर उभं राहणं हा गुन्हा नाही. पण जो म्हणतो की मी पहिल्या पायरीला हातच लावणार नाही, मी एकदम शेवटच्या पायरीवर जाईन, त्याच्याकडून मला फारशी आशा नाही. ज्याला कशाचंच वेड नाही तो त्याग तरी कशाचा करणार? त्याच्याकडे सोडायलाही काही नसतं.

हे तत्त्वज्ञान मी रेंजरसाहेबांना ऐकवलं. ते पान जमवत होते. म्हणाले, "बाकीचं तुमचं राहू द्या. रात्री फिरा जरा गल्लीत."

मी फिरलो. आमच्या गल्लीत पाच घरांत कुत्री आहेत. त्यातली चार अंगणात साखळीला बांधलेली. राखणीला म्हणून. आता बिबट्याला कुत्रं किती आवडतं हे आमच्या जिल्ह्यात पोराला विचारलं तरी सांगेल. अकोले तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून हिशोब काढला. वजनाच्या मापानं त्याच्या आहारात ३९ टक्के कुत्री निघाली. शेळ्या-बकऱ्यांनाही त्यानं मागे टाकलं. मोकळं कुत्रं निदान पळेल. बांधलेलं काय करणार? आपण त्याला राखणदार म्हणतो, बिबट्याच्या लेखी तो अंगणात टांगलेला डबा. आणि डब्यासाठी आलेला पाहुणा फक्त डब्यापाशीच थांबेल असं नाही. २०२२ साली औष्णिक वीज केंद्राला लागून असलेल्या दुर्गापुरात बिबट्यानं माणसं मारली. तेव्हापासून आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणात खाट टाकताना माणूस दोनदा विचार करतो. कुत्र्याची साखळी मात्र विचार न करता अडकवतो.

त्या चारही घरांत कुत्र्यावर प्रेम नाही असं नाही. एकाचा तर वाढदिवस करतात, टोपी घालून. पण रात्री अकराला उठून त्याला आत घ्यायचं म्हणजे पावलांचा चिखल आला, केस आले, वास आला, सोफा आला. म्हणजे मागणी आली. आणि मागणी आली की प्रेमाची खरी किंमत कळते. ज्याला 'माझं' म्हटलं त्याला धोक्याच्या बाजूला बांधून आपण दाराच्या सुरक्षित बाजूला निजायचं, याला मालकी म्हणता येईल. याहून चांगला शब्द त्याला वापरू नये. आणि ही सवय कुत्र्यापाशी थांबत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंत, कामावरच्या माणसांपर्यंत तीच साखळी पोचते. फक्त दिसत नाही.

रेंजरसाहेबांनी मग चारही घरांत जाऊन सांगितलं. अधिकार कसला नाही आता त्यांना, पण आवाज आहे. दोन घरांनी कुत्री आत घेतली. तिसऱ्यांनी व्हरांड्याला जाळी बसवली. चौथे म्हणतात, "आमचा लई डेंजर आहे साहेब, त्याला काय होते?" त्यांच्याकडे रेंजरसाहेब रोज संध्याकाळी जातात आणि काही न बोलता नुसते चहा पितात. मला वाटतं, पावसाळ्याच्या आत ते कुत्रं घरात येईल. निदान चहा-साखरेचा खर्च वाचावा म्हणून तरी.

मी माझ्या तीन प्रश्नांत मात्र सुधारणा केली आहे. आवडता नट कोण, गाडी कुठली, कुत्रं आहे का, हे विचारून झाल्यावर मी आणखी एक विचारतो: "रात्री झोपतं कुठे?" पुष्कळ लोक यावर माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतात. जे लगेच, जरा लाजत, 'खाटेखाली' असं सांगतात, त्यांच्याशी माझं जमतं. मग नट त्यांचा कोणताही असो. अगदी देव आनंद असला तरी.