निर्वाळा देण्यापूर्वी

विश्वास ठेवावा की पारखून घ्यावे, हा प्रश्न आपण बहुधा असा मांडतो, की जणू या दोन वृत्ती एकमेकींच्या वैरिणीच आहेत. ज्याच्यावर विश्वास आहे त्याची परीक्षा घेणे आपणांस अपमानास्पद वाटते. या समजुतीकडे पुन्हा पाहण्याची बुद्धी आम्हांस एका अगदी निराळ्या क्षेत्रातील उदाहरणाने झाली.

‘गगनयान’ मोहिमेतील अंतराळवीरांची कुपी परतताना पॅराशूटांच्या आधाराने समुद्रावर उतरावयाची आहे. त्यासाठी चार प्रकारची एकूण दहा पॅराशूटे योजिली आहेत. त्यांपैकी वेग आवरून कुपीला स्थैर्य देणारी, ५.८ मीटर व्यासाची पॅराशूटे ऑगस्ट २०२३ मध्ये चंडीगड येथील संरक्षण प्रयोगशाळेच्या रुळांवर, म्हणजे जमिनीवरच, तपासली गेली. रॉकेटच्या रेट्याने धावणारा गाडा, त्यावर घडी घालून ठेवलेले पॅराशूट, आणि वेग गाठताच स्फोटाच्या जोराने त्याला नळीतून बाहेर फेकणारी योजना. पडणाऱ्या कुपीला जो वारा भिडावयाचा, तो येथे धावत्या गाड्याने निर्माण केला.

आम्हांस विचारात पाडले ते या चाचण्यांच्या निवडीने. हे पॅराशूट आधी दोरीने आवळलेले, अर्धवट उघडते आणि मग पूर्ण फुलते. पहिल्या चाचणीत आवळलेल्या स्थितीतील जास्तीत जास्त ताण त्यावर घातला; दुसरीत पूर्ण फुललेल्या स्थितीतील; आणि तिसरीत ते वाऱ्याशी सर्वाधिक तिरक्या कोनात सोडले. अनुकूल वाऱ्यात उघडेल का, हे त्यांनी विचारलेच नाही. जे वाईटात वाईट घडू शकते, तेच मुद्दाम घडवून पाहिले.

आणि तरीही जमिनीने दिलेले उत्तर जमिनीपुरतेच असते, हेही तेथे कोणी विसरले नाही. गाडा रूळ सोडत नाही. कुपी हवेत हेलकावते. म्हणूनच १८ नोव्हेंबर २०२२ रोजी झाशीजवळच्या बबिना येथे पाच टनांचे ओझे विमानातून सोडून मुख्य पॅराशूटांची परीक्षा झाली होती, आणि तीही तिघांपैकी एक उघडलेच नाही असे धरून.

याउलट फ्रान्झ राइशेल्ट या पॅरिसच्या शिंप्याची कथा. आपल्या पॅराशूट-पोशाखासह त्याने टाकलेले पुतळे आपटत होते. उंची अपुरी पडते म्हणून असे होते, असे त्याने स्वतःस समजाविले. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी पुतळा टाकण्याची परवानगी घेऊन तो आयफेल मनोऱ्यावर चढला, आणि पुतळ्याऐवजी स्वतःच उडी टाकून मरण पावला. त्याच्या ठायी धैर्य उणे नव्हते. उणे होते ते नकार ऐकून घेण्याचे सामर्थ्य. आपला जीव पणाला लावला म्हणून आपले म्हणणे खरे ठरत नाही.

येथे आम्हांस आमचीच एक चूक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी नात्यातील एका मुलीच्या वडिलांनी एका स्थळाविषयी आम्हांस विचारले. ‘घराणे जुने, मुलगा सालस’ असा निर्वाळा आम्ही तत्काळ दिला. तो मुलगा आम्ही पाहिला होता तो गणेशोत्सवात आणि मुंजी-लग्नांत. म्हणजे केवळ अनुकूल वाऱ्यात. त्याचा राग, त्याची अडचण, घरातील माणसांशी त्याचे वागणे यांतील काहीच आम्हांस ठाऊक नव्हते. दोन वर्षांत मुलगी माहेरी परतली. तिने आम्हांस कधी बोल लावला नाही. पण उडी तिने घेतली होती आणि छत्रीची ग्वाही आम्ही दिली होती.

दूरदेशी पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या लहानशा समाजात माणसाचे काम शब्दावर चालते. ओळखीने नोकऱ्या मिळतात, सोयरिकी जुळतात. म्हणूनच शब्द देणाऱ्यावरचे ओझे अधिक. प्रत्येकाला रुळांवर धावडवून पाहावे, असे आमचे म्हणणे नाही. माणूस म्हणजे पॅराशूट नव्हे. परंतु आपण काय पाहिले आणि काय पाहिले नाही, एवढे तरी प्रामाणिकपणे सांगता येते. त्या वडिलांना आम्ही इतकेच म्हणावयास हवे होते: ‘सणावारी पाहिला आहे, चांगला वाटला, त्यापलीकडे आम्हांस माहिती नाही, आपण चौकशी करावी.’ त्या उत्तराने आमचा मान किंचित उणावला असता, एवढेच.

पारखणे हा विश्वासाचा अपमान नव्हे. दुसऱ्याचा जीव ज्यावर टांगला जाणार, ते आधी ताणून पाहणे हा त्या जिवाचा आदर आहे.