ब्रूज: उरलेले आणि राखलेले

बेल्जियमच्या वायव्य भागातील ब्रूज या कालव्यांच्या नगराविषयी प्रवासी आणि जाणकार या दोघांच्याही तोंडी एक शेरा हमखास असतो: गाव देखणे आहे, पण खरे नाही, एका दिवसापुरते ठीक, त्याहून अधिक त्यात पाहण्यासारखे काही नाही. घंटाघर, राजहंस, चॉकलेटची दुकाने आणि नाजूक लेस यांविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने या शेऱ्यातील पहिल्या भागावर वेळ घालवण्याचे कारण नाही. खटकतो तो दुसरा भाग, कारण ‘खरे’ म्हणजे काय हे त्यात आधीच ठरवून टाकलेले असते. शिवाय पहिल्या खेपेस पाहण्याच्या स्थळांची यादी उरकून मोकळ्या झालेल्या आणि दुसऱ्यांदा थोड्याच मुक्कामासाठी आलेल्या प्रवाशाला हे नगर नव्याने आवडू लागले, तर ती आवड भाबडी ठरवण्याची सोयही त्या शेऱ्यात असते.

या प्रश्नाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. जुन्या नगरातील काही वास्तू उरलेल्या असतात, म्हणजे त्या पाडून नव्या बांधण्याइतका पैसा किंवा निकड कोणाला नव्हती म्हणून टिकून राहिलेल्या असतात. तर काही राखलेल्या असतात, म्हणजे कोणीतरी वाद घालून, खर्च सोसून आणि इतर लाभांवर पाणी सोडून त्या टिकवलेल्या असतात. ब्रूज दीर्घकाळ पहिल्या प्रकारात मोडत होते. 1134 मधील वादळात समुद्राने किनारा फोडून झ्विन नावाची खाडी आत आणली आणि तिच्या आधाराने हे गाव बंदर बनले. 1277 मध्ये जिनोआची व्यापारी जहाजे थेट येथे येऊ लागली. मोठी जहाजे डाम्मे या पुढच्या बंदराशी थांबत आणि माल लहान होड्यांतून गावात येई. तेराव्या शतकाच्या अखेरीस मुख्य चौकाच्या कडेला कालव्यावरच छप्पर घालून वाटरहाले ही प्रचंड वखार उभारली गेली, तिच्या आत होड्या शिरत आणि पावसाचा थेंब न लागता लोकरीचे गठ्ठे उतरत. पुढे झ्विन गाळाने भरत गेली. तथापि ऱ्हासाचे सारे खापर गाळावर फोडणे बरोबर नाही. 1488 मध्ये नागरिकांनी हाब्सबुर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियनला चौकातील एका घरात कैद केले होते आणि त्याने परदेशी व्यापाऱ्यांना ब्रूज सोडून अँटवर्पला जाण्यास भाग पाडले. फ्लँडर्सच्या कापडधंद्यालाही इंग्रजी कापडाची स्पर्धा जाचू लागली होती. वाटरहाले 1787 मध्ये पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रूज हे दारिद्र्याने ग्रासलेले, लेस विणणाऱ्या बायकांच्या तुटपुंज्या मजुरीवर कसेबसे तगलेले गाव होते.

याच गावावर जॉर्ज रोदेनबाख या फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या बेल्जियन लेखकाने 1892 मध्ये ‘मृत ब्रूज’ या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी लिहिली. तिचा विधुर नायक या गावात आपल्या मृत पत्नीचे प्रतिरूप पाहतो, आणि मजकुरासोबत छापलेल्या निर्मनुष्य कालव्यांच्या छायाचित्रांनी ती प्रतिमा युरोपभर ठसवली. रोदेनबाखचे गृहीतक असे की ब्रूजचे सौंदर्य त्याच्या मरणात आहे. आजचा ‘हे खरे नाही’ हा शेराही त्याच गृहीतकाचा वारस आहे; फरक एवढाच की रोदेनबाखला जे कलेवर पूजनीय वाटले, ते आजच्या टीकाकाराला रंगरंगोटी केलेले वाटते. दोघांच्याही दृष्टीतून जिवंत माणसे निसटतात, आणि हा दोष लहान नाही. रोदेनबाखने पॅरिसमध्ये बसून गावाला मृत घोषित केले, त्या सुमारास गावकरी समुद्रावर नवे बंदर बांधण्याच्या खटपटीत होते. 1907 मध्ये झीब्रूज बंदराचे उद्घाटन झाले आणि सुमारे 12 किलोमीटर लांबीच्या जहाजी कालव्याने ते ब्रूजला जोडले गेले. मेलेले गाव असा कालवा खणत नाही. रोदेनबाखला ही हालचाल ठाऊक होती, तिचा त्याला राग होता आणि 1897 मधील पुढच्या कादंबरीत त्याने बंदराला विरोध करणारा नायक रंगवला. मात्र तो नायक जुन्या घरांची दुरुस्ती करणारा वास्तुविशारद आहे. मृत नगराच्या पुजाऱ्यालाही अखेर त्या नगरात परांची बांधून काम करणारा माणूस दाखवावा लागला, ही गोष्ट त्याच्या मूळ सिद्धान्ताविरुद्ध पुरेशी बोलकी आहे.

टीकाकाराचे म्हणणे खोडण्याचा सोपा मार्ग म्हणजे जुन्या वास्तूंची साक्ष काढणे. 83 मीटर उंचीचे घंटाघर, नोत्र दाम चर्चचा 115 मीटर उंचीचा विटांचा मनोरा आणि त्या चर्चमधील मायकेलअँजेलोची संगमरवरी माता व बालक ही शिल्पकृती यांच्या अस्सलपणाविषयी कोणी शंका घेणार नाही. परंतु ही साक्ष पुरी पडत नाही, हे त्याच चर्चच्या मागे गेल्यावर ध्यानात येते. तेथे अरुंद कालव्यावर बोनिफासियस नावाचा छोटा दगडी पूल आहे. त्याची कमान ठेंगणी आहे, पलीकडे लाकडी तक्तपोशीच्या भिंती थेट पाण्यातून वर आल्या आहेत, आणि पुलावर उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक जण तो मध्ययुगीन समजतो. पूल 1910 चा आहे. जेथे वाटरहाले उभी होती, तेथील प्रांतिक न्यायसभेची टोकदार कमानींची इमारतही 1878 च्या आगीनंतर नव-गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन गॉथिकाचे पुनरुज्जीवन करणाऱ्या शैलीत बांधलेली आहे. नगरवास्तुविशारद लुई डेलासेन्सेरी आणि त्याच्या समकालीनांनी अनेक दर्शनी भिंती याच वृत्तीने सजवल्या, आणि 1877 पासून पालिकेने खासगी घरमालकांनाही दर्शनी भागाच्या दुरुस्तीसाठी अनुदान दिले. वयाची अट लावली तर टीकाकार बऱ्याच अंशी जिंकतो, हे मान्य केले पाहिजे.

येथे एका अगदी अलीकडच्या बांधकामाचा उल्लेख थोडे विषयांतर करूनही करावासा वाटतो. जुन्या गावातील एका मद्यनिर्मितिगृहाची बाटल्या भरण्याची शाखा गावाबाहेर गेल्यावर टँकर फरसबंद गल्ल्यांतून ये-जा करू लागले. तेव्हा 2016 मध्ये जमिनीखालून तीन किलोमीटरहून अधिक लांबीची नळी टाकण्यात आली आणि बिअर आता घरांच्या व कालव्यांच्या खालून वाहत जाते. जो माल कधी काळी पाण्यावरून जात असे, तो आता त्याच पाण्याखालून जातो. ही युक्ती नव्या आणि जुन्या यांचा मेळ घालणारी असून तिच्यामागे गल्लीची शांतता हीदेखील जिच्यासाठी खर्च करावा अशी वस्तू आहे, हा ठाम समज आहे.

पाण्याच्या बाबतीतही हेच घडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या कालव्यांत सांडपाणी मिसळत असे आणि उन्हाळ्यात त्यांची दुर्गंधी सुटे. 1972 च्या नगररचना आराखड्यानंतरच्या काळात मलवाहिन्या वेगळ्या केल्या गेल्या, वाहनांना आवर घातला गेला आणि घरे राहण्याजोगी करण्यावर भर आला. ग्रूनराय या कालव्याच्या काठी दुसऱ्यांदा आलेला प्रवासी जे स्वच्छ, संथ पाणी पाहतो, ते पंधराव्या शतकातील हमालाला अनोळखी वाटले असते. म्हणजे ब्रूजचे आजचे सौंदर्य मध्ययुगातून वाचून आलेले नाही. ते गेल्या दीडशे वर्षांत त्या गावातील माणसांनी निवडले, आणि ही निवड म्हणजेच त्या नगराचा खरा इतिहास होय. उरलेल्याचे श्रेय दारिद्र्याला असते, राखलेल्याचे श्रेय माणसांना द्यावे लागते. या दृष्टीने बोनिफासियस पूल घंटाघराइतकाच अस्सल ठरतो, किंबहुना आजच्या ब्रूजविषयी तो अधिक सांगतो.

मात्र हे स्वीकारले की थोड्या वेळासाठी आलेल्या प्रवाशाची आवडही निर्दोष राहत नाही, कारण राखण्याचा खर्च ज्या पैशातून निघतो, त्यात त्याचा वाटा असतो आणि ज्या दबावाने घरे रिकामी होतात, त्यातही असतो. जुन्या गावात नव्या हॉटेलांना आणि पर्यटकांसाठीच्या भाड्याच्या घरांना परवानगी न देण्याचे पालिकेचे धोरण याच दबावाला उत्तर आहे. दर्शनी भिंतींना दिलेले अनुदान आणि मलवाहिन्यांची कामे यांच्या रांगेतच ते बसते, आणि त्यांच्याइतक्याच आस्थेने तपासले जाण्यास पात्र आहे: भिंतींमागे रात्री दिवा लावणारे कुटुंब शिल्लक राहते की नाही, हे भिंती कोणत्या शतकातील आहेत यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे, आणि टीकाकारांनी आपला प्रश्न पालिकेच्या त्या धोरणाकडे वळवला पाहिजे.