पडायची तयारी

एक होता वार्ताहर. सोल शहरात तो एका मासिकासाठी लिहायचा. साल होतं १९७२. त्या वर्षी हान नदीच्या दक्षिणेला तायक्वांदोचं मोठं भवन उभं राहिलं, कुक्कीवन. गल्लोगल्ली पांढऱ्या कपड्यांतली पोरं लाथांचा सराव करत होती. तायक्वांदो हे नाव तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचं होतं. ते शिकवणाऱ्या पहिल्या पिढीतले बरेच जण तरुणपणी जपानी कराटे शिकलेले. पण ही गोष्ट कुणाला फारशी सांगवत नव्हती. नव्या श्रीमंताला जुनं घराणं लागतं, तसा या विद्येला दोन हजार वर्षांचा पूर्वज हवा होता.

संपादक वार्ताहराला म्हणाला, "जुना गुरू शोधून काढ. तेक्क्यन येणारा. जपानी राज्य येण्याआधी शिकलेला."

तेक्क्यन हा पायांचा खेळ. पायात पाय घालून समोरच्याला पाडायचं, नाहीतर तोंडापर्यंत लाथ पोचवायची. जपान्यांनी १९१० साली कोरिया ताब्यात घेतला. त्यानंतर हे सामने बंद पडले. खेळणारे म्हातारे झाले, एकेक करून गेले.

वार्ताहर शोधायला निघाला. त्याच्याबरोबर टेपरेकॉर्डर उचलायला एक पोरगा होता. वार्ताहर मोठमोठ्या आखाड्यांत गेला. तिथल्या प्रमुखांनी त्याला चहा पाजला, भिंतीवरचे फोटो दाखवले आणि सांगितलं, "तसा माणूस आता उरला नाही." तो विद्यापीठात गेला. तिथेही तेच.

पोरगा मात्र त्याच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारत राहिला. इनवांग डोंगराच्या पायथ्याशी ह्वांगहाकजंग नावाचं धनुर्विद्येचं मैदान आहे. तिथे म्हातारे रोज बाण मारायला जमत. त्यांतला एक म्हणाला, "अरे, तो खालच्या गल्लीतला? तो कसला गुरू? पण हं, पाय छान टाकायचा."

दुसऱ्या दिवशी दोघं त्या गल्लीत गेले.

म्हातारा अंगणात बसून दारांना नवा कागद चिकटवत होता. थंडी यायच्या आत घरोघर हे काम चाले. वार्ताहरानं कमरेत वाकून नमस्कार केला.

"गुरुजी, आपली मुलाखत घ्यायची आहे."

"मी कुणाचा गुरू नाही. पण बसा. खळ वाळतेय, मी हात थांबवणार नाही."

वार्ताहरानं वही उघडली. प्रश्न घरूनच लिहून आणले होते. पोरानं टेप सुरू केली.

"ही विद्या किती जुनी?"

"माझ्या वडलांच्या आधीची."

"म्हणजे दोन हजार वर्षांची?"

"मी तितका म्हातारा नाही हो."

वार्ताहरानं एक फोटो पुढे केला. गोगुर्यो राज्याच्या काळातल्या एका थडग्याच्या भिंतीवरचं चित्र होतं ते. दोन माणसं हातपाय रोखून एकमेकांसमोर उभी.

"हे तेक्क्यनच ना?"

म्हाताऱ्यानं फोटो लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "यातलं कुणी माझ्या ओळखीचं दिसत नाही."

"डोंगरातल्या भिक्षूंनी शिकवलं का तुम्हाला?"

"माळावर शिकलो. मोठी पोरं खेळायची, आम्ही बघायचो. मग आमची पाळी."

"एखादा गुप्त डाव?"

"गुप्त कसला? सगळी वस्ती बघायला असायची. मिठाईवालासुद्धा."

वार्ताहराचा चेहरा उतरत चालला. त्यानं शेवटचा प्रश्न विचारला. "बरं, तुम्ही कुणाकुणाला हरवलंत?"

म्हातारा हसला. "दानोच्या सणाला वरच्या वस्तीचा आणि खालच्या वस्तीचा सामना होता. मी वरच्या वस्तीकडून उतरलो. आणि पडलो, सगळ्यांसमोर."

वार्ताहरानं पोराला खूण केली. पोरानं टेप बंद केली. वार्ताहरानं आभार मानले, बूट चढवले आणि टॅक्सी बघायला गल्लीच्या तोंडाशी गेला.

पोरगा वायर गुंडाळत मागे राहिला. गुंडाळता गुंडाळता त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही पडलात कसे?"

म्हाताऱ्याचा हात थांबला. त्यानं कुंचला खळीच्या भांड्यात ठेवला. मग गुडघ्यावर हात देऊन तो उठला.

"इथे ये. माझ्यासमोर उभा राहा. आता एक पाय पुढे टाक, माझा पाय पोचेल इतका."

"तुमच्या पायाजवळ?"

"हो. दोघांनीही एक पाय समोरच्याच्या आवाक्यात ठेवायचाच. लांब उभं राहून खेळ होत नाही. आता माझ्यासारखी पावलं टाक."

म्हातारा एक पाय पुढे टाकी, मागे घेई, मग दुसरा पुढे टाकी. जमिनीवर त्रिकोण काढावा तशी त्याची पावलं पडत. गुडघे लवत, कंबर पुढे येई, हात सैल झुलत. नाचतोय की खेळतोय ते कळेना. पोरगाही तसाच झुलू लागला.

"तो खालच्या वस्तीचा, किडकिडीत होता. हात असे मोठे हलवत होता. मी त्याचे हात बघत राहिलो. आणि त्यानं..."

म्हाताऱ्याचं पाऊल पोराच्या घोट्यात आतून अडकलं. मानेला बोटं लागली, नुसती लागली. पोरगा आडवा झाला.

"...असं केलं," म्हातारा म्हणाला.

पोरगा पडल्या पडल्या म्हणाला, "पुन्हा दाखवा."

म्हाताऱ्यानं पुन्हा दाखवलं. मग त्या डावातून सुटायचं कसं ते दाखवलं. मग सुटणाऱ्याला धरायचं कसं तेही. आधी लहान पोरं खेळत, मग मोठी, मग बाप्ये, हे सांगितलं. ओळखीच्या माणसाच्या बरगड्या मोडायच्या नसत, म्हणून लाथ मारताना पायानं ढकलायचं असे, तेही करून दाखवलं. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीचा भोंगा वाजत होता. टेप बंद होती. खळ वाळून गेली.

पुढच्या महिन्यात वार्ताहराचा लेख आला. त्यात ते थडग्यातलं चित्र होतं, धुक्यातला डोंगर होता आणि दोन हजार वर्षं होती. म्हाताऱ्याला एक ओळ मिळाली होती, आणि त्या ओळीत तो अजिंक्य होता. लेख वाचकांना आवडला. असे लेख आवडतातच. आखाड्यांच्या प्रमुखांनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला.

पोरानं ते काम सोडलं आणि तो कोळशाच्या वखारीत लागला. सुट्टीच्या दिवशी मात्र तो म्हाताऱ्याकडे जाई, पडे, उठे, विचारी. एकदा त्यानं एका जुन्या चित्राची छापील नक्कल पैदा केली. यू सुक या चित्रकाराच्या नावावर असलेलं, १८४६ सालचं ते चित्र. माळावर माणसांचं मोठं कडं. मध्ये दोघं कुस्ती खेळताहेत, दोघं तेक्क्यन. बघ्यांत म्हातारे आहेत, पोरं आहेत. म्हाताऱ्यानं चित्र दारापाशी उजेडात नेलं आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा बघ," तो म्हणाला. "मिठाईवाला."

काही वर्षांनी म्हातारा वारला.

मग आलं १९८३ साल. कोरियाच्या सरकारनं तेक्क्यनला जपायच्या वारशांच्या यादीत घेतलं, क्रमांक ७६. सोंग दॉक-गी नावाच्या नव्वदीच्या जाणत्याचा त्या वेळी मान झाला. शिन हान-सुंग यांचाही झाला. ते मूळचे कुस्तीगीर. त्यांनी जुन्या जाणत्यांचे पाय धरून एकेक डाव गोळा केला होता. ही दोन माणसं इतिहासातली, आपला म्हातारा गोष्टीतला. पण असे म्हातारे त्या गल्ल्यांत होते, आणि त्यांच्या दारावरून टेपरेकॉर्डर घेतलेली माणसंही गेली असणार.

वार्ताहर आता संपादक झाला होता. त्याला तेक्क्यनवर मोठा लेख हवा होता. त्यानं जुनी टेप काढून ऐकली. टेपमध्ये त्याचाच आवाज जास्त होता. म्हाताऱ्याची उत्तरं दोन-दोन शब्दांची होती, आणि "सगळ्यांसमोर" या शब्दाला टेप संपत होती.

चौकशी करत तो त्या पोराकडे पोचला. पोरगा आता पस्तिशीचा झाला होता. वखारीमागच्या पटांगणात तो वस्तीतल्या मुलांना खेळवत होता. संपादक कडेला उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

खेळ थांबल्यावर तो म्हणाला, "हे सगळं त्या म्हाताऱ्याला येत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं? मी तर चांगली तयारी करून प्रश्न नेले होते."

"तुमच्या प्रश्नांत उत्तरं आधीच होती, साहेब. त्यांना फक्त हो म्हणायचं होतं. आजोबा म्हणायचे, विचारायला येणाऱ्यानं पडायची तयारी ठेवून यावं."

संपादक गप्प राहिला. मग त्यानं वही खिशात घातली, कोट काढून एका मुलाच्या हातात दिला आणि पटांगणात उतरला.

"एक पाय पुढे टाका," पोरगा म्हणाला. "माझा पाय पोचेल इतका."

संपादकानं पाय पुढे टाकला. पोरं हसू लागली, कारण त्याला झुलता येत नव्हतं. दोनतीन पावलं झाली आणि तो बदकन मातीत बसला. कसं झालं ते त्याला कळलंच नाही. पँट झटकायचंही त्याला सुचलं नाही.

"थांब, थांब," तो बसूनच म्हणाला. "मी तर तुझ्या हातांकडे बघत होतो. पाय कुठून आला?"

"आतून," पोरगा म्हणाला आणि त्याला उठवायला हात पुढे केला. "उठा, सावकाश करून दाखवतो."