बोर्ड आउट झालेला पोरगा आत की बाहेर?

काका चिलखती दलातले निवृत्त रिसालदार. शेवटची वर्षं इथं नगरच्याच केंद्रात त्यांनी उस्ताद म्हणून काढली. माझा विषय सिस्टिम्स इंजिनिअरिंग. रणगाडा संग्रहालयाच्या आवारात आमचा जुना वाद पुन्हा निघाला: खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या पहिल्या वर्षाच्या कॅडेटचं प्रशिक्षण यंत्रणा म्हणून मांडता येईल का?

"काका, रणगाडा असाच बनतो. आधी गरज लिहायची, तिचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची चाचणी तेव्हाच ठरवायची. शिक्षणालाही हे लावलंय. 1975 मध्ये फ्लोरिडा राज्य विद्यापीठानं अमेरिकी सैन्यदलांसाठी पाच टप्पे आखले: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमल, नियंत्रण."

"टी-72 मध्ये माणसं तीन. त्यातल्या गनरला काय काय यायला हवं, ते मी बोटांवर मोजून देतो. कॅडेटचं काय लिहिशील?"

"निर्णयशक्ती. सहनशक्ती."

"आणि तपासणार कुठं? के. के. रेंजवर गोळा लागला की चुकला, लगेच दिसतं. हा पोरगा तीन वर्षं खडकवासल्यात, एक वर्ष डेहराडूनला. त्याची खरी चाचणी त्यानंतर दहा वर्षांनी, कुठल्यातरी रात्री."

"म्हणून तर नोंदी हव्यात. कुठल्या कवायतीनं कुणाचे गुडघे जातात, हे उस्तादाच्या आठवणीवर सोडता येत नाही. उस्तादाला टिकलेली पोरं आठवतात."

हे त्यांना लागलं. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत.

"मग न टिकलेल्यांचं बोल. 1985 पासून पाचशेच्या आसपास कॅडेट वैद्यकीय कारणानं बोर्ड आउट होऊन घरी गेले. कमिशनच्या आधीच जखमी झाले, म्हणून माजी सैनिकही नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. तुझ्या यंत्रणेत बोर्ड आउट झालेला पोरगा आत की बाहेर?"

"आत. हद्द आखणं हेच आमचं पहिलं काम."

"मग त्याची किंमत तक्त्यात लिही. लिहिलीस, की कुणीतरी म्हणेल, एवढी किंमत परवडते."

"न लिहिल्यामुळे चाळीस वर्षं ती कुणाला दिसलीच नाही, काका."

"दिसत होती. त्याच्या आईला दिसत होती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तक्ता आईसाठी नसतो, तो निर्णय घेणाऱ्यासाठी असतो, एवढंच मला म्हणता आलं असतं; आणि काकांचा आक्षेप नेमका त्यालाच होता.

ते एकदम दुसरीकडे वळले. "रणगाड्याच्या टॉर्शन बारला चीर गेली तर तो ती लपवत नाही. पोरगा लपवतो. पायात कळ येते, तरी धावतो. सांगितलं तर टर्म मागे पडेल."

"मग तो सांगतो कुणाला?"

"ज्याच्या हातात त्याचे गुण नाहीत, त्याला. कधी मेसवाल्याला, कधी धोब्याला."

"हेच तर लिहायला हवं! गुण न देणारा एक माणूस प्रत्येक स्क्वाड्रनला."

"लिहिलंस की तोही यंत्रणेतला झाला. मग पोरगा त्याच्यापासूनही लपवेल."

"लपवू दे काही दिवस. पण तो माणूस तिथं रोज असायला हवा, काका. मेसवाल्याची बदली झाली तर पोरानं काय करायचं?"